लक्ष बावीस टक्के

कॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर काही केल्या ताठ बसेना. त्याचा चिमटा जाड मॉनिटरसाठी केलेला, आमचा मॉनिटर पातळ, त्यामुळे तो हळूहळू पुढे झुकायचा आणि हिच्या तोंडाऐवजी कीबोर्डकडे बघत राहायचा. शेवटी मी सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा कापून चिमट्याच्या आत घातला. तेव्हा कुठे स्वारी जागेवर बसली.

"झालं का हो?" खुर्चीत बसलेली ही दर दोन मिनिटांनी विचारत होती.

"आख्खी लिफ्ट बसवायला एवढा त्रास झाला नाही कधी," मी म्हणालो.

"लिफ्टसमोर मला आठ तास बसायचं नव्हतं."

मी अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण घरात काही बसवायचं म्हटलं की मला अजून चेव येतो. ही एकतीस वर्षं टायपिस्ट. ऑफिसातली जुनी माणसं तिला बाई म्हणतात. डॉक्टर लोक रोग्याला तपासून झालं किंवा ऑपरेशन उरकलं की काय पाहिलं, काय केलं ते रेकॉर्डरमध्ये बोलून ठेवतात. ती रेकॉर्डिंगं हिच्या ऑफिसात येतात. ही हेडफोन लावून ती ऐकते आणि टाइप करून काढते. पायाखाली एक पेडल असतं. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प बसतो. नवऱ्यासाठी असं काही मिळतं का, असं हिने एकदा भर ऑफिसात विचारलं होतं म्हणे.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसने आपला मजला रिकामा केला आणि सगळ्या टायपिस्टना घरी बसून काम करायला सांगितलं. आमच्या घरात कॉम्प्युटर होताच, पेडल आलं, आणि हिचं काम खिडकीजवळच्या टेबलावर सुरू झालं. कुणाची काही तक्रार नव्हती. मग गेल्या महिन्यात एक खोकं आलं. आत कॅमेरा, हातभर वायर आणि एक कागद. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने कामाच्या वेळात कॅमेरा चालू ठेवायचा, एक प्रोग्राम चेहऱ्याकडे बघून माणसाचं कामात किती लक्ष आहे ते मोजणार, आणि हे सगळं कशासाठी, तर कामाचा दर्जा राखण्यासाठी. एकतीस वर्षांत हिचं एक पान कुठल्या डॉक्टरने परत पाठवलेलं मला आठवत नाही, आणि हे हिला दर्जा शिकवायला निघाले होते. मला तेव्हाच राग आला होता. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा कॅमेरा बसवण्याची हौस जास्त होती.

वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात घातली तर काही होईना. ते भोक सैल झालं होतं, म्हणून टेबल ओढून मागच्या भोकात घातली. मग दिवा लागला, पण पडद्यावर काळंकुट्ट. लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते आणि आमच्या कॉम्प्युटरची डॉक्टर तीच. तिने विचारलं, बाबा, कोपऱ्यात एक चौकोन आला होता का, परवानगी द्यायची का म्हणून? आला होता. मी "नाही" दाबलं होतं. कोण कुठला प्रोग्राम, त्याला आल्या आल्या परवानगी कशाला द्यायची? लेक हसली आणि कुठे जाऊन काय दाबायचं ते तिने सांगितलं. आता वाटतं, तेवढ्या बाबतीत माझी अक्कल जागेवर होती.

चित्र आलं, तर खिडकी लख्ख आणि तिच्यापुढे हिच्या डोक्याचा नुसता काळा आकार. उजेड पाठीमागून येत होता. कुणीही म्हणालं असतं, चालतंय की. पण मी लिफ्ट मजल्याच्या फरशीपासून बोटभर वर थांबली तरी घरी न जाणारा माणूस. मी कपाट सरकवलं, टेबल फिरवलं, खिडकी हिच्या समोर आणली. बाजूला टेबललॅम्प ठेवला आणि डोळ्यांना टोचू नये म्हणून त्याच्यापुढे पांढरा कागद लावला. कॅमेरा वरून बघत होता, तर मॉनिटरखालच्या दोन जाडजूड डिक्शनऱ्या काढून तो हिच्या डोळ्यांच्या पातळीला आणला. दुपारभर खपलो.

दुसऱ्या दिवशी हिच्या सुपरवायझरने पडद्यावर येऊन चाचणी घेतली. तिशीतला मुलगा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तो म्हणाला, "वा मॅडम, सगळ्या स्टाफमध्ये तुमचं चित्र स्वच्छ आहे. पापणीचे केससुद्धा दिसताहेत." मी दाराआड उभा राहून ऐकलं आणि आतल्या आत फुगलो.

पहिल्या आठवड्याचा अहवाल शुक्रवारी आला. ही स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, जरा इकडे या, मला नीट वाचता येत नाहीये बहुतेक. तिला नीट वाचता येत होतं. पडद्यावर लिहिलं होतं: उपस्थिती शंभर टक्के. कामात लक्ष बावीस टक्के. खाली प्रत्येक दिवसाच्या वेळा मिनिटांसकट मांडल्या होत्या आणि त्यांच्यापुढे एकच शब्द पुन्हा पुन्हा आला होता, झोप. सोमवारी पाच तास दहा मिनिटं झोप. मंगळवारी पाच तास पन्नास मिनिटं झोप. आणि तळाशी, ही पहिली सूचना समजावी, अशा तीन सूचनांनंतर काम थांबवण्यात येईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मंगळवारी हिने त्रेचाळीस पानं काढली होती. झोपेत कुणी त्रेचाळीस पानं काढतं का, एवढा प्रश्न त्या ऑफिसातल्या एकाही शहाण्याला पडला नव्हता. ही मात्र परत कामाकडे वळली. खुर्चीत बसली, हेडफोन लावले, आणि सवयीने डोळे मिटले. आणि माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

ही डोळे मिटून टाइप करते. लग्न झाल्यापासून मी ते ऐकत आलोय आणि गेली दोन वर्षं रोज बघतोय. टायपिंगच्या क्लासात तिच्या मास्तरीणबाई होत्या, त्या मुलींच्या डोळ्यांवर रुमाल बांधायच्या. डोळे बघायला लागले की कान आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या मुलींनी परीक्षा झाल्यावर रुमाल सोडला. हिने रुमाल सोडला, पण डोळे उघडले नाहीत. डॉक्टर बोलायला लागला की हिचे डोळे मिटतात, बोटं चालू लागतात, आणि तो गप्प झाला की उघडतात. डोळे मिटले की मला खोली दिसते, असं ती म्हणते. म्हणजे तो रोगी, ते टेबल, डॉक्टरचा हात कुठे आहे ते. त्यामुळे डॉक्टर काही उलटसुलट बोलला तर ती चटकन थांबते आणि पानाच्या कडेला शंका लिहून पाठवते. हाडांचे एक म्हातारे सर्जन आहेत, ते सगळं मिशीतल्या मिशीत बोलतात. हिने त्यांचं नाव पुटपुटे डॉक्टर ठेवलंय. त्यांची रेकॉर्डिंगं सगळ्या ऑफिसात फक्त हिलाच समजतात.

आणि हे सगळं माहीत असून, कॅमेरा बसवणाऱ्या या गाढवाला ते एकदाही सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं एवढंच नाही, मी तिच्या मिटलेल्या पापण्यांवर दिवा लावून दिला होता.

हिने सुपरवायझरला फोन केला आणि काय आहे ते सांगितलं. तो म्हणाला की तो समजू शकतो, पण सिस्टिमच तसं दाखवते. आठवडाभर डोळे उघडे ठेवून काम करून बघा ना मॅडम, सवय होईल. पुढचा आठवडा हिने डोळे उघडे ठेवून काम केलं.

तो आठवडा मला आठवायला नको वाटतो. ही समोर टक लावून बसायची. पेडल दाबायची, सोडायची, मागे जायची, तेच वाक्य चार चार वेळा ऐकायची. संध्याकाळी डोळे लाल. मी थेंब घालायचो, तेव्हा ती मान वर करून नुसती पडून राहायची. गुरुवारी पहिल्यांदा एक पान परत आलं. मग आणखी पाच आली. शुक्रवारी सकाळी पुटपुटे डॉक्टरांचा फोन आला. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी फोन केला नव्हता. त्यांनी चुकांचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त म्हणाले, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?" ही हो म्हणाली, फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

आणि त्याच दिवशी अहवाल आला. कामात लक्ष चौऱ्याण्णव टक्के. खाली सुपरवायझरने स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या: लक्षणीय सुधारणा, अभिनंदन, असंच चालू ठेवा.

ज्या आठवड्यात तिने जन्मात पहिल्यांदा वाईट काम केलं, त्या आठवड्यात तिचं अभिनंदन. मी त्या पडद्याला असे काही शब्द वापरले की ते इथे लिहिता येणार नाहीत. कॅमेरा चालू असता तर त्यालाही लाज वाटली असती. ही म्हणाली, शेजारी ऐकतील. मी म्हणालो, ऐकू देत.

मग मी तिला माझी युक्ती सांगितली. टेबल पुन्हा फिरवतो. खिडकी पाठीमागे, दिवा बंद. तोंड काळं दिसेल, डोळे उघडे की मिटलेले ते त्याला कळणारच नाही. बोंबलत बसू दे. मी कपाटाला हातसुद्धा घातला.

"नको," ती म्हणाली. "मी काय चोरी केलीय, तोंड अंधारात ठेवून बसायला?"

"अगं, पण चार वर्षं राहिलीत तुझी. उगाच कशाला?"

"म्हणूनच. एकोणतीस वर्षं ऑफिसात सगळ्यांच्या समोर डोळे मिटून काम केलं, कुणी काही म्हणालं नाही. उरलेली चार लपून करू?"

त्या चार वर्षांचं मोल काय होतं ते मला ठाऊक होतं. आमचं काही अडणार नव्हतं. पण ही कामावरून सन्मानाने जाणार होती, शेवटच्या दिवसापर्यंत एकही डाग नसलेली, आणि त्याचा तिला अभिमान होता. आता तिच्या नावापुढे झोपाळू म्हणून नोंद पडत होती. एक आठवडा झोपाळू म्हणून, आणि एक आठवडा हुशार म्हणून. दुसरी नोंद तिला जास्त झोंबली होती.

सोमवारपासून तिने पुन्हा डोळे मिटले. एकही पान परत आलं नाही, आणि दुसरी सूचना आली. तेव्हा तिने सुपरवायझरला कळवलं की मला पडद्यावर समोरासमोर बोलायचं आहे. ठरलेल्या वेळी तो आला. मी या वेळी दाराआड उभा न राहता तिच्या बाजूला स्टूल टाकून बसलो.

तिने फार काही बोलायच्या भानगडीत न पडता त्याला सांगितलं, तुमच्याकडचं कुठलंही एक रेकॉर्डिंग लावा, मी न ऐकलेलं. त्याने जरा आढेवेढे घेतले, मग लावलं. तिने हात कीबोर्डवर ठेवले आणि डोळे मिटले. कुणी बाई डॉक्टर बोलत होत्या, भराभर, मध्येच खोकत, मध्येच कुणाला तरी दार लावायला सांगत. हिची बोटं त्यांच्या मागोमाग जात होती. खोकला आला की थांबत होती, दार आलं की थांबत होती, बाकी काही सोडत नव्हती. सहा मिनिटांनी आवाज संपला, हिने डोळे उघडले आणि पान त्याला पाठवलं. त्याने ते वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"एकही चूक नाहीये मॅडम," तो म्हणाला.

"आता तुमचा प्रोग्राम काय म्हणतो ते बघा."

त्याने बाजूला कुठेतरी पाहिलं. त्याने सांगायची गरजच नव्हती.

"मला कळतंय हो," तो शेवटी म्हणाला. "पण मी भरू कुठे? फॉर्ममध्ये तीनच रकाने आहेत. हजर, गैरहजर आणि झोप. चौथा नाहीच आहे."

इथे मला राहवलं नाही. मी त्याला म्हणालो, अरे बाबा, मी उभं आयुष्य लिफ्टच्या दारांत घालवलं. त्या दारातही एक डोळा असतो. त्याच्यावर धूळ बसली तर त्याला वाटतं मध्ये माणूस उभा आहे, आणि दार तासभर लागत नाही. आम्ही काय लिफ्टमधल्या लोकांना नोटीस देत होतो? डोळा पुसत होतो. मोटर बिघडली का हे बघायला मी तिला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचो आणि डोळे मिटून ऐकायचो. तेव्हा मी झोपलेला होतो का?

"काका, तुमचं खरं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मी काय करू? माझ्यासमोरही कॅमेरा आहे."

तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो बोलताना डोळे ताणून धरत होता. पापणी लवली की घाईघाईने पुन्हा उघडत होता. डोळ्यांच्या कडा लाल होत्या, अगदी त्या आठवड्यात हिच्या झाल्या होत्या तशा. माझा त्याच्यावरचा राग निघून गेला. पण राग काही कमी झाला नाही, फक्त तो ठेवायचा कुठे ते कळेना. ज्यांनी ते तीन रकाने आखले ते काही आमच्या पडद्यावर येणार नव्हते.

त्याने सांगितलं की एक मार्ग आहे. यापुढे डोळे उघडे ठेवून काम करीन असं मॅडमनी लिहून द्यायचं, मग दोन्ही सूचना रद्द होतील. चुका थोड्या वाढल्या तर तो सांभाळून घेईल.

"चुका सांभाळून कशा घेता येतील?" हिने विचारलं. आवाज चढवला नव्हता. "आजारी माणसांचे कागद आहेत ते. उद्या कुणाचा धड गुडघा उघडतील आणि मी मात्र चौऱ्याण्णव टक्के हजर." मग तिने त्याला सांगितलं की तिसऱ्या सूचनेची वाट बघायची गरज नाही, आजपासून पंधरा दिवसांनी मी काम सोडते, पत्र संध्याकाळपर्यंत पाठवीन. ते पत्र तिने डोळे मिटूनच टाइप केलं. मी समोर बसून सांगितलं, ती ऐकत गेली. माझे तीन शब्द फार तिखट होते, ते तिने गाळले.

ते पंधरा दिवस ती भर उजेडात डोळे मिटून बसली. तिसरी सूचनाही आली, पण पत्र आधीच गेलं होतं, त्यामुळे कुणी काम थांबवलं नाही. तिच्या सांगण्यावरून मी दिव्यापुढचा कागदही काढून टाकला. बघू देत नीट, ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी दुपारी पुटपुटे डॉक्टरांचं रेकॉर्डिंग होतं. मी शेजारी वर्तमानपत्र वाचत होतो. तिची बोटं एकदम थांबली. पेडल सोडलं, मागे गेली, पुन्हा ऐकलं, मग पानाच्या कडेला काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, सुरुवातीला ते उजवा खुबा म्हणालेत आणि शेवटी, ऑपरेशन कुठे करायचं ते सांगताना, डावा. ते त्या माणसाच्या उजव्या बाजूला उभे आहेत, मला दिसतंय. अर्ध्या तासाने डॉक्टरांचं उत्तर आलं, एका ओळीचं: उजवाच. बाई, तुम्ही नसता तर?

आज तिचा शेवटचा दिवस आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तिने त्यांना कळवलंही नाही.

संध्याकाळी शेवटचा अहवाल आला. मी त्यात ती वेळ शोधून काढली. दोन वाजून बारा मिनिटं ते दोन वाजून एकोणतीस मिनिटं: झोप. मला तो कागद छापून फाडायचा होता, त्या लोकांच्या तोंडावर फेकायचा होता. तिने तो छापून घेतला खरा, पण फाडू दिला नाही. डॉक्टरांची ती एक ओळही छापली, दोन्ही कागद एकत्र घडी घातले आणि टायपिंगच्या परीक्षेच्या सर्टिफिकेटाखाली ठेवून दिले. मी कॅमेरा काढला, वायर गुंडाळली, ट्यूबचा तुकडा तेवढा काढून घेतला, आणि खोकं बंद केलं. पेडलही त्यांचंच होतं, तेही दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी भाजी घेऊन घरी आलो. टेबल मी पुन्हा जुन्या जागी लावलं होतं, खिडकी पाठीमागे. ही त्याच खुर्चीत बसली होती. कॉम्प्युटर बंद होता, रेडिओवर बातम्या चालू होत्या. तिचे डोळे मिटलेले होते, मान किंचित कललेली. एकतीस वर्षांनी काम सुटल्यावरचा पहिला दिवस, लागला असेल डोळा, असं मला वाटलं. पिशवी खाली ठेवून मी रेडिओ बंद करायला गेलो.

जवळ गेल्यावर तिचे हात दिसले. ते मांडीवर होते, आणि बातम्या देणाऱ्याच्या मागोमाग बोटं साडीवर चालत होती. तो श्वास घ्यायला थांबला की थांबत होती. तिचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता.

मी बटणावरचा हात काढून घेतला आणि आवाज थोडा मोठा केला.